एक बादली ऊन पाणी

आजीचे गुडघे धरले की घरात वज्रेश्वरीचा विषय निघायचा. थंडी पडायची, विरार स्टेशनबाहेर एसटीची रांग लागायची आणि आजी पाच लिटरचा रिकामा कॅन पोटाशी धरून खिडकीजवळची जागा पकडायची. दर्शन झालं की अकलोलीची कुंडं. तिथल्या दगडी पायरीवर बसून ती पाय पाण्यात सोडायची, तोही तिच्या क्रमाने : आधी अंगठा, मग घोटा, मग पोटरी. एकदम उतरणाऱ्याला ती हाताला धरून थांबवायची, ओळखीचा असो वा नसो. निघताना कॅन भरून घ्यायची, त्याला जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट गुंडाळायची आणि विरारपर्यंत मांडीवर धरून ठेवायची.

मी सात-आठ वर्षांचा असताना तिला विचारलं होतं, ‘‘आजी, हे पाणी कोण तापवतं?’’

‘‘आई तापवते.’’ आई म्हणजे देवी.

‘‘मग सरपण कुठंय?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘असणार की. तुला दिसत नाही एवढंच.’’

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. यंदाच्या पौषात मी पुन्हा गेलो तो तिच्या त्या उत्तराचा माग काढायला. एवढं सरपण येतं कुठून आणि किती लागतं, हा हिशोब मला एकदा मनापासून मांडून बघायचा होता.

मुंबईपासून पाऊणशे किलोमीटर. शिरसाड फाटा सोडला की महामार्गाचा गोंगाट मागे पडतो, तुंगारेश्वरचे डोंगर सोबतीला येतात आणि तासाभरात तानसा नदीकाठ लागतो. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही तिन्ही गावं या नदीच्या अंगाखांद्यावर आहेत. देवीचं मूळ ठाणं इथून उत्तरेला गुंज गावी होतं. पोर्तुगीजांनी ते मोडलं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला, मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि नवसाचं देऊळ या टेकडीवर उभं राहिलं. नगारखाना पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. खालून देवळापर्यंत ५२ दगडी पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या लक्षात असू द्या, पुढे त्या मोजपट्टीसारख्या कामाला येणार आहेत.

वज्रेश्वरीहून अकलोली पायी जाण्याएवढी जवळ. कुंडापाशी पोचायच्या आधीच गंधकाचा मंद वास येतो, नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा. सकाळी सात वाजता पाण्यावर वाफेची झिरझिरीत साय असते. पायऱ्यांच्या कडा हजारो तळव्यांनी गुळगुळीत झालेल्या. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोळे मिटलेले. पाण्यात बुडालेला भाग लाल झाला होता, वरचा तसाच. दोन्हींच्या मध्ये मोजा घातल्यासारखी सरळ रेघ. मी अंगठा टाकला आणि झटकन मागे घेतला. माणसाच्या कातडीला त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांपासून चटका जाणवू लागतो. इथल्या झऱ्यांचं पाणी उगमापाशी पन्नाशीच्या आसपास असतं, कुठे त्याहून चढं, कुठे उतरतं.

हिशोबासाठी आपण पंचावन्न अंश धरू. पावसाचं पाणी जमिनीत शिरतं तेव्हा ते सुमारे सत्तावीस अंशांचं असतं असं मानू. म्हणजे कुणीतरी त्याला अठ्ठावीस अंश ऊब दिली. घरातली नेहमीची वीस लिटरची बादली घेतली तर तिला तेवढी ऊब द्यायला ५६० किलोकॅलरी लागतात, विजेच्या भाषेत जेमतेम पाऊण युनिटही नाही, ०.६५. दोन किलोवॉटचा गीझर हे काम वीस मिनिटांत उरकतो. आकडा अगदी साधा, बिलात शोधूनही सापडणार नाही असा.

पण कुंड म्हणजे एक बादली नव्हे. सेकंदाला एकच लिटर पाणी देणारा बारीकसा झरा मनात धरा. नळ पूर्ण सोडला तर जेवढी धार येते त्याच्या काही पटच. त्या धारेला अठ्ठावीस अंश ऊब देत राहायची तर सतत ११७ किलोवॉटची शेगडी पेटती हवी. दिवसाचे २,८०० युनिट. घरगुती गॅसच्या भाषेत बोलायचं तर रोज पंधरा-सोळा सिलिंडर, वर्षाला साडेपाच हजारांहून जास्त. रात्र नाही, सुट्टी नाही, पावसाळा नाही. आणि कोकणात असे झरे एक-दोन नाहीत. पालघरातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात अठरा ठिकाणी मिळून साठेक झरे आहेत. दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे. गावांची नावं ऐका. आपल्या लोकांनी थर्मामीटर येण्याच्या कितीतरी आधी ‘ऊन’ पाण्याची नोंद गावाच्या नावातच करून ठेवली होती. या यादीत सगळ्यात कढत पाणी सत्तर अंशांच्या घरात जातं.

सरपण कुठून येतं, या प्रश्नाला कुंडावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ज्वालामुखी. ‘‘खाली लाव्हा आहे ना!’’ असं मलाही यंदा दोघांनी सांगितलं. त्यांना दोष देता येत नाही, कारण पायाखालचा काळा कातळ खरोखरच लाव्ह्याचा आहे. आणि तो किती आहे हे ऐकलं की कुणालाही वाटेल, एवढं झालं असेल तर थोडी धग उरलेलीच असणार.

किती आहे? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, त्यातून दख्खन घडलं. आज त्या कातळाखाली पाच लाख चौरस किलोमीटर जमीन आहे. झिजून गेलेलं आणि समुद्रात बुडालेलं धरलं तर मूळ पसारा याच्या दुपटी-तिपटीचा असावा. एकूण लाव्हा दहा लाख घन किलोमीटरच्या घरातला, त्याहून जास्त मानणारेही आहेत. तो सगळा आजच्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर सव्वातीन किलोमीटर जाडीचा थर होईल. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे गडचिरोलीपासून पालघरपर्यंत प्रत्येक गावावर कळसूबाईवर कळसूबाई ठेवायचा आणि फटही सोडायची नाही.

मुंबईकराला घन किलोमीटर कळत नाही, तलाव कळतात. शहराला पाणी देणारे सात तलाव काठोकाठ भरले की १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतात. दर पावसाळ्यात हा आकडा रोज पेपरात येतो आणि त्याच्या टक्क्यांवर आपला जीव टांगलेला असतो. घन किलोमीटरमध्ये तो १.४५ एवढाच आहे. दख्खनचा लाव्हा मोजायचा तर हे सातही तलाव सहा लाख नव्वद हजार वेळा भरावे लागतील. आणि या उद्रेकाचा मुख्य भाग दहा लाख वर्षांच्या आत उरकला होता. सरासरी काढली तर वर्षाला किमान एक घन किलोमीटर. म्हणजे दरवर्षी भातसा, तानसा, मोडकसागर, दोन्ही वैतरणा, विहार, तुळशी हे सगळे मिळून सत्तर टक्के भरले आहेत, पण पाण्याने नव्हे, अकराशे-बाराशे अंशांच्या वितळलेल्या दगडाने. असं एक वर्ष नाही, लाखो वर्षं. अर्थात तो नळासारखा सारखा वाहत नव्हता. मध्ये हजारो वर्षांची विश्रांती असायची, तेवढ्यात वरच्या थराची माती व्हायची, मग पुन्हा नवा लोट येऊन ती भाजून काढायचा. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांत दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो ना, बऱ्याचदा तो हाच. पुढच्या वेळी माळशेज किंवा कसारा चढताना खिडकीतून जरूर बघा.

एवढा जाळ झाला, तरी त्यातली धग आज उरलेली नाही. यामागचं गणित मला या सगळ्या हिशोबात सर्वांत सुंदर वाटतं. दगड ऊब सोडतो ती जाडीच्या वर्गाच्या हिशोबाने. जाडी दुप्पट केली की निवायला चौपट वेळ, दहापट केली की शंभरपट. एक मीटर जाडीची लादी निवायला ढोबळमानाने दहा-बारा दिवस. दहा मीटरचा थर, तीनेक वर्षं. शंभर मीटर, तीनशे वर्षं. एक किलोमीटर, तीस हजार. दोन किलोमीटर जाडीचा सलग तापलेला दगड घेतला, तरी त्याला सव्वा लाख वर्षं पुरतात. आणि मध्ये गेली आहेत सहा कोटी साठ लाख वर्षं. पाचशे वेळा निवून झालंय!

शिवाय ती चूल आता इथे नाहीच. ज्या खोल उष्ण बिंदूवरून भारत तेव्हा सरकत होता, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून भडकतो. मुंबईपासून ते बेट पावणेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. त्या जाळावरून आपणच उठून उत्तरेला आलो, नखं वाढतात त्याच्या दुपटीहून जरा कमी अशा सरासरी वेगाने. थांबलो मात्र नाही.

आता त्या ५२ पायऱ्यांकडे वळू. लाव्हा वाहिला त्या काळापासून आजवरची सगळी वर्षं या पायऱ्यांवर सारखी वाटली, तर एका पायरीच्या वाट्याला पावणेतेरा लाख वर्षं येतात. अख्खं दख्खन पहिल्या पायरीवरच घडून संपतं. उरलेल्या एक्कावन्न पायऱ्या निवण्याच्या, झिजण्याच्या, दऱ्या कोरल्या जाण्याच्या. तुमच्या-माझ्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षं झाली. तो शेवटच्या पायरीच्या वरच्या चौथाईत, पायरी पंधरा सेंटिमीटर उंच धरली तर वरच्या साडेतीन सेंटिमीटरमध्ये. आणि चिमाजी अप्पांचा विजय? त्याला आज पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. ती त्या पायरीवर ०.०३ मिलिमीटर भरतात. केसाची अर्धी जाडी. मी ५२वी पायरी चढताना थांबून तिच्या कडेवर बोट ठेवलं. दगडावर हळदीकुंकवाचं जे पुट होतं, ते आपल्या आठवणीत असलेल्या सगळ्या इतिहासापेक्षा जाड होतं.

मग सरपण कुठे आहे? ज्वालामुखीचं नसेल तर कुणाचं?

ते सगळीकडे आहे. तुम्ही आत्ता बसलात तिथेही. जमिनीत खाली जावं तसतसं दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापमान चढतं. कोयनेजवळ गोठणे गावी भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरपर्यंत काळा दख्खनी कातळ लागला आणि त्याच्याखाली एकदम जुना ग्रॅनाइट. रशियात कोला इथे माणसाने १२,२६२ मीटरपर्यंत भोक पाडलं. तळाशी १८० अंश होते. पृथ्वीच्या मध्यापर्यंतचं अंतर आहे ६,३७१ किलोमीटर. त्या वाटेचा पाचशेविसावा हिस्सा गाठला की आपली अवजारं मऊ पडतात. अगदी मध्याशी पाच हजार अंशांहून जास्त.

ही ऊब दोन ठिकाणची. काही पृथ्वी घडतानाची, ४५४ कोटी वर्षांपूर्वीची, अजून हळूहळू बाहेर पडणारी. आणि जवळपास तेवढीच खडकांतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमची. त्यांचे अणू एकेक करून मोडतात आणि प्रत्येक मोडणारा अणू कणभर ऊब देऊन जातो. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचा साठा निम्म्यावर यायला ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे पृथ्वी जन्मली तेव्हा जेवढं होतं त्यातलं निम्मं अजून शिल्लक आहे. आजीच्या शब्दांत, अर्धी मोळी अजून जळायची आहे.

पण ही ऊब किती बारीक आहे! एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच ग्रॅनाइटचा ठोकळा घ्या. वजन पावणेतीन टन. त्यातले अणू मोडून मिळणारी सगळी ऊब साठवता आली, जराही वाया जाऊ दिली नाही, तर आजीच्या कुंडातली एक बादली तापवायला त्या ठोकळ्याला सुमारे तीस हजार वर्षं लागतील. एका बादलीला तीस हजार वर्षं. हा आकडा मी तीनदा करून पाहिला, कारण माझाच विश्वास बसेना. नऊ वॉटचा एक दिवा सतत पेटता ठेवायला असे छत्तीस लाख ठोकळे लागतात.

एकेका दगडाचा नाद सोडून जमिनीकडे बघितलं तर हिशोब थोडा सुसह्य होतो. खालून वर झिरपणारी सगळी ऊब जमिनीच्या एका चौरस मीटरमधून सुमारे ०.०६५ वॉट या दराने बाहेर पडते. चटईएवढ्या जागेतून येणारी ऊब चौदा महिने गोळा केली की एक बादली तापेल. त्याच चटईवर दुपारचं स्वच्छ ऊन पडलं तर तेवढी ऊब चाळीस मिनिटांत मिळते. म्हणून पृथ्वी आतून तापलेली आहे हे आपल्या पायांना कधी कळत नाही. वरून सूर्य आहे, त्याच्यापुढे ही कुजबूज ऐकूच येत नाही. आणि तरीही सगळ्या पृथ्वीच्या पाठीवरून बाहेर पडणारी ही कुजबूज एकत्र केली तर ती ४७ लाख कोटी वॉट भरते. भारतातली सगळी वीजकेंद्रं, कोळशाची, धरणांवरची, अणूची, वाऱ्या-उन्हाची, एकदम पूर्ण ताकदीने चालवली, तर त्यांच्या जवळपास शंभर पट.

म्हणजे अडचण सरपण कमी असण्याची नाहीच. ते पसरलेलं आहे, ही अडचण. रानभर एकेक काडी पडलेली असावी आणि चूल एकाच जागी पेटवायची असावी, तशी. या काड्या गोळा करतं कोण?

पाणी. हेच मला कुंडाच्या काठावर बसल्यावर नीट कळलं, वाचून कळलं नव्हतं. कोकणचा पाऊस डोंगरांवर पडतो, त्यातला बराचसा ओढ्यानद्यांनी समुद्राला जातो, थोडा भेगांतून खाली उतरतो. पश्चिम किनाऱ्याला समांतर कातळ मोडलेला, वाकलेला, खचलेला आहे. पनवेलच्या आसपास तर लाव्ह्याचे एरवी सपाट असणारे थर समुद्राकडे चक्क उतरते झालेत. या भेगांनी पाणी एक किलोमीटर, त्याहून खोलही जातं. वाटेत ज्या ज्या दगडाला ते स्पर्श करतं त्याच्याकडून चिमूटभर ऊब आणि चिमूटभर क्षार उचलतं. तापलं की हलकं होतं. पंचावन्न अंशांचं पाणी गार पाण्यापेक्षा फक्त एक टक्क्याने हलकं असतं, पण एक किलोमीटर उंचीच्या स्तंभात एक टक्का म्हणजे दहा मीटर, तीन मजल्यांएवढा रेटा. डोंगरातल्या गार पाण्याचा दाब मागून असतोच. एखादी सरळ, मोकळी भेग सापडली की ते निवायच्या आत वर येतं. जिथे वर येतं तिथे आपण चार दगडी पायऱ्या बांधतो, रामाचं किंवा सूर्याचं नाव देतो आणि शेजारी महादेव बसवतो.

सेकंदाला एक लिटरची आपली ती बारीक धार आठवा, ११७ किलोवॉटची. एवढी ऊब जमिनीतून नेहमीच्या दराने झिरपायची तर १.८ चौरस किलोमीटर जमीन लागते. साडेचारशे एकरांच्या आसपास. दादरचं शिवाजी पार्क अठ्ठावीस एकरांचं. अशी सोळा शिवाजी पार्कं. सोळा शिवाजी पार्कांखालची सगळी ऊब, दिवसरात्र, एका मुठीएवढ्या भोकातून बाहेर पडते आहे. म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते ते याच्यात पाय सोडून.

पाण्याचं मात्र तसं नाही, ते फारच थोडं लागतं. वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर तेवढ्या जमिनीवर ४५० कोटी लिटर पाणी कोसळतं. झऱ्याला वर्षभर लागतं सव्वातीन कोटींच्या आतबाहेर, म्हणजे शंभरातला एक थेंबही नाही. बाकीचे नव्याण्णव तानसेने वाहून जातात.

आणि तानसा म्हटलं की मुंबई आली. याच नदीच्या वरच्या अंगाला १८९२ मध्ये धरण पूर्ण झालं आणि तिथून शहराकडे नळ निघाले. आजही तानसा तलाव भरला की त्यात १,४५,०८० दशलक्ष लिटर पाणी असतं. एकाच नदीकाठी दोन पाणी आहेत. गार पाणी मोठमोठ्या नळांतून शहराकडे जातं, ऊन पाणी इथेच थांबतं आणि माणसं त्याच्याकडे येतात. मुंबईला रोज सुमारे ३९० ते ४०० कोटी लिटर पाणी लागतं. वसई घेतली त्या दिवसापासून आपला सेकंदाला एक लिटरचा झरा अखंड वाहतोय असं धरलं, तर आजवर त्याने नऊशे कोटी लिटर दिलं. सगळ्यांत लहान तुळशी तलाव त्यात भरेल आणि थोडं उरेल. मुंबईला ते सव्वादोन दिवस पुरेल. पावणेतीनशेहून जास्त वर्षांचं पाणी, सोमवारी सकाळी सोडलं तर बुधवारी दुपारपर्यंत संपलं. तरीही शहर इथे येतं, शनिवार-रविवारी तर फाट्यापासून गाड्यांची रांग लागते. नित्यानंद बाबा १९३६ च्या सुमारास गणेशपुरीत स्थिरावले, ८ ऑगस्ट १९६१ला तिथेच समाधिस्थ झाले. त्यांच्यामागून तर जगभरची माणसं या नदीकाठी आली. त्यांच्या वास्तव्याच्या जागेशेजारीही ऊन पाण्याची कुंडं आहेतच.

मला एका गोष्टीचं वाईट वाटलं, तेही सांगतो. कुंडाच्या कडेला शाम्पूच्या पुड्या, साबणाचे चोपडे तुकडे, एक फाटका टॉवेल. कुणा एकाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, आपण सगळेच तिथे जातो. पण एका ठोकळ्याला ज्या बादलीसाठी तीस हजार वर्षं लागतात, ती बादली आहे ही. तिच्यात फेस करायला हात कसा धजावतो? मी पुड्या गोळा केल्या. शेजारच्या गृहस्थांनी डोळे उघडून पाहिलं आणि काही न बोलता त्यांच्या बाजूच्या दोन पुड्या माझ्याकडे सरकवल्या.

‘‘कुठनं आलात?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मुंबईहून. माझी आजी यायची इथे.’’

‘‘गुडघे?’’

मी मान हलवली. त्यांनी आपले गुडघे दोन्ही हातांनी हळूच चोळले. ‘‘गुण येतो बघा,’’ म्हणाले, ‘‘पण घाई करायची नाही. आधी अंगठा.’’

मी अंगठा टाकला. मग घोटा. मग पोटरी. पाचेक मिनिटांनी चटका ओसरला आणि पायांच्या हाडांपर्यंत काहीतरी शांतपणे पोचायला लागलं.

जाताना मी पाच लिटरचा कॅन नेला होता. तो भरला, घरून आणलेल्या जुन्या सुती साडीत घट्ट गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. विरारला उतरलो तेव्हा तो गरम होता. लोकलमध्ये गर्दी होती, त्यामुळे पोटाशी धरून उभा राहिलो. घरी पोचायला दुपारचे दोन वाजले. आईचेही गुडघे अलीकडे धरतात. तिला खुर्चीत बसवून मी गुंडाळलेली साडी सोडली आणि झाकण काढलं. गंधकाचा वास स्वयंपाकघरभर पसरला. तिने आत बोट बुडवून पाहिलं.

‘‘अजून कोमट आहे रे,’’ ती म्हणाली आणि पदर खोचून परात आणायला उठली.